बाटलीनं बाटतो कोण?

सरळच विचारतो. वस्तीतला बेवडा दिसला की आपल्या पोरांचे हात का शिवशिवतात? जयंतीच्या मिरवणुकीतून त्याला बखोटं धरून बाहेर काढायचं. विहाराच्या पायरीवर टेकला तर हुसकायचं. वर्गणी मात्र घ्यायची. आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यावरून हाकललं तेव्हा हाच आवाज होता : लांब हो, बाटवशील! आज तो आपल्या गळ्यातून निघतोय आणि आपण त्याला चळवळ म्हणतोय.

तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. दिलीच. मलाही ती जिवापाड आहे. पण त्या बावीस प्रतिज्ञा ज्यानं त्यानं 'मी' म्हणून घ्यायच्या आहेत. दुसऱ्याच्या पाठीत घालायच्या काठ्या नाहीत त्या. आणि त्याच बावीसमध्ये प्राणिमात्रावर दया करायचीही प्रतिज्ञा आहे. ती कुठं गहाण टाकली?

आता पितं कोण ते बघा. गटारात उतरणारा पितो. ती घाण, तो वास. शुद्धीत राहून एक दिवस उतरून दाखवा. हातानं मैला उपसण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला. माणूस अजून मॅनहोलमध्ये गुदमरून मरतोच आहे. त्याच्या नवटाकीचा हिशेब मागण्याआधी त्याला न दिलेल्या मास्कचा हिशेब मागा.

आणि मरतं कोण? जून २०१५, मालाडची मालवणी. मिथेनॉलची दारू पिऊन शंभरावर माणसं गेली. सगळी हातावर पोट असलेली. सरकार एका हातानं दारूवरचा कर गोळा करतं, दुसऱ्या हातानं नशाबंदीची पोस्टरं चिकटवतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारू बंद केली, २०२१ ला परत उघडली. शिव्या मात्र पिणाऱ्याला.

बायकोला मारणाऱ्याला मी पाठीशी घालत नाही. तिचा मार आधी थांबवा, तिला पोरांसकट सुरक्षित जागी न्या. यात तडजोड नाही. पण मारल्याची शिक्षा मारल्याबद्दल होऊ द्या. आजारपणाबद्दल नको.

होय, आजारपण. म्हणून शपथ घालून खोलीत कोंडणं बंद करा. वर्षानुवर्षं रोज ढोसणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत अंग थरथरतं, फिट येते, नसलेलं दिसायला लागतं. उपचार नाही मिळाले तर माणूस मरूही शकतो. त्याला सरकारी दवाखान्यात न्या. रांगेत बरोबर उभे राहा. बेवडा म्हणून तिथून कुणी हाकललं तर तिथं आवाज चढवा. तुमचा घसा त्यासाठीच आहे. परत प्याला? परत न्या.

गर्द ओढणाऱ्या पोरालाही तेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अशी तरतूद आहे की, नशा केल्याबद्दल किंवा थोडा माल सापडल्याबद्दल पकडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं. पोलीस हे सांगणार नाही. तुम्ही सांगा.

दोस्तांनो, भांडायचंच तर भट्टीवाल्याशी भांडा, त्याच्याकडून हप्ता खाणाऱ्याशी भांडा. पिणारा आपला आहे. त्याला रस्त्यात टाकून पुढं गेलेला मोर्चा कुणाचा, ते एकदा ठरवा.

जयभीम.