गूढलिंग व्याधी आणि एका घोडीची खाज

आपल्या त्रैमासिकात यशस्वी चिकित्सेची वृत्ते नेहमी प्रसिद्ध होतात आणि ती व्हावीतही. प्रस्तुत लेखात मात्र मी माझ्या एका फसलेल्या चिकित्सेची हकीकत सांगणार आहे. रुग्ण माणूस नव्हता, घोडी होती. परंतु त्या घोडीने मला जे शिकविले ते चिकित्सालयात बसणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या आणि औषधालय चालविणाऱ्या प्रत्येक बंधूच्या उपयोगी पडेल, असा माझा विश्वास आहे.

माझे चिकित्सालय माथेरानच्या पायथ्याच्या परिसरात आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोड्यांवर कितीतरी कुटुंबांची चूल पेटते. अशाच एका कुटुंबाचे कर्ते गृहस्थ पावसाळ्याच्या आरंभी माझ्याकडे आले. पर्यटक नसल्याने घोडी खाली गावात आणून बांधली होती. "डॉक्टरसाहेब, दरसाल पाऊस लागला की हिला खाज सुटते. आयाळ घासून घासून गेली, शेपटी तर उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली आहे. हंगामापर्यंत ही बरी झाली नाही तर गिऱ्हाईक हिच्यावर बसणार नाही," असे ते म्हणाले. तोपर्यंत त्यांनी रॉकेल, खोबरेल तेलात कालविलेला गंधक आणि दुकानातून आणलेली दोन-तीन मलमे लावून पाहिली होती.

मी घोडी पाहिली. आयाळीखाली आणि शेपटीच्या मुळाशी केस तुटलेले, त्वचा जाड व सुरकुतलेली, जागोजागी ओरखडे आणि खपल्या. कंडू, रूक्षता, वैवर्ण्य ही लक्षणे दिसताच माझ्या मनात क्षुद्रकुष्ठांची यादी उभी राहिली. महामरिच्यादी तेल आणि निंबपत्रांच्या काढ्याने धुणे, अशी योजना करून मी त्यांना पाठविले. आठ दिवसांत आराम पडल्याचा निरोप आला. मला समाधान वाटले. पुढच्या पंधरवड्यात खाज दुप्पट झाली. मी तेल बदलले, मग लेप बदलला. दिवाळीनंतर घोडी आपोआप बरी झाली आणि त्याचे श्रेय मी शेवटच्या लेपाला दिले. दुसऱ्या पावसाळ्यात तेच घडले, तिसऱ्यातही तेच.

तिसऱ्या वर्षी लसीकरणासाठी गावात आलेल्या एका पशुवैद्यकांनी ती घोडी सहज पाहिली. त्यांनी औषध विचारले नाही. "संध्याकाळी ही कुठे बांधता?" एवढेच विचारले. भाताच्या खाचराच्या कडेला, उकिरड्याजवळ, उघड्या पडवीत ती बांधलेली असे. त्यांनी सांगितले की दुपारी चारपासून सकाळी ऊन चांगले वर येईपर्यंत घोडी आत ठेवा, खिडकीला अगदी बारीक जाळी लावा, पंखा चालू ठेवा आणि अंगावर सुती झूल घाला. तीन आठवड्यांत घोडीचे घासणे जवळजवळ थांबले. एक थेंबही तेल लागले नाही.

कारण होते 'क्युलिकॉइडिस' जातीची चिलटे. ती जेमतेम एक ते तीन मिलिमीटर लांब असतात, म्हणून साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरतात. ओला चिखल, सडका पाला, शेण यांत त्यांची पैदास होते. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती चावतात. उडण्यास दुबळी असल्याने वाऱ्यापुढे ती टिकत नाहीत, म्हणून पंखा. त्यांच्या लाळेतील प्रथिनांविषयी काही घोड्यांच्या शरीरात अतिसंवेदनशीलता निर्माण होते. इंग्रजीत या विकाराला 'स्वीट इच' म्हणतात. तो सांसर्गिक नाही. एकाच पागेतील चार घोडे निर्धास्त उभे असतात आणि पाचवा भिंतीला अंग घासून रक्तबंबाळ होतो, म्हणून मालकाचा चिलटांवर विश्वास बसत नाही. आइसलँडमध्ये जन्मलेले आणि पुढे युरोपात नेलेले घोडे या विकाराने फार मोठ्या प्रमाणात पीडित होतात; त्याच वंशाचे पण युरोपातच जन्मलेले घोडे त्या मानाने कमी. शिंगरूपणी ज्याची ओळख झाली नाही ते पुढे अंगावर उलटते, हे वाचून आपल्या सात्म्याच्या संकल्पनेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मला खंत वाटते ती अपयशाची नव्हे. चरकाचार्यांनी विमानस्थानात स्पष्ट सांगितले आहे की ज्या व्याधीची लक्षणे गूढ आहेत त्याची परीक्षा उपशय आणि अनुपशय यांनी करावी. आहार, विहार, देश, काळ यांपैकी काय बदलले असता रुग्णाला सुख होते आणि कशाने दुःख वाढते, हे पाहत गेल्यास लपलेला हेतू हाती लागतो. चिकित्सेचे पहिले सूत्रही निदानाचा त्याग हेच आहे. त्या पशुवैद्यकांनी आयुर्वेदाचा एकही ग्रंथ वाचला नसेल. परंतु घोडीचा देश बदलून त्यांनी उपशय पाहिला आणि निदानपरिवर्जन केले. ते ग्रंथ माझ्या कपाटात होते आणि मी तीन वर्षे तेल बदलत बसलो. दिवाळीनंतर चिलटेच कमी होतात, हा कालाचा पुरावा दरवर्षी माझ्यासमोर होता. त्याला मी लेपाचा गुण समजलो.

यावर काही ज्येष्ठ बंधू म्हणतील की शालिहोत्रांची परंपरा आपलीच आहे, मग घोड्याची चिकित्सा आपण का करू नये? परंपरेचा अभिमान मलाही आहे. जयदत्तांचे 'अश्ववैद्यक' आणि नकुलाच्या नावावरील 'अश्वचिकित्सित' ही संस्कृत वाङ्मयातील मोलाची लेणी आहेत; घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' हा शब्द शालिहोत्रांवरूनच रूढ झाला. परंतु ही परंपरा नेमके काय सांगते? आपल्या पूर्वजांनी अश्व आणि गज यांच्यासाठी स्वतंत्र शास्त्रे रचली, कारण मनुष्याची चिकित्सा जशीच्या तशी त्यांना लागू पडत नाही हे ते जाणत होते. आपल्या पदवी अभ्यासक्रमात घोड्याचे शारीर शिकविले जात नाही. घोड्याला वांती होऊ शकत नाही, त्याच्या अन्ननलिकेची आणि जठराची रचनाच तशी आहे. कुष्ठात शोधन श्रेष्ठ म्हणून कोणी जयपालासारखे तीक्ष्ण विरेचन त्याला दिले, तर शूल आणि अतिसाराने प्राणावर बेतेल. एरंडाचे बी घोड्यासाठी अत्यंत विषारी आहे. भल्लातकाचा लेप माणसाच्या त्वचेवर फोड आणतो, तसाच तो घोड्याच्याही आणील. आणि घोडा ती जागा दातांनी ओरबाडील.

कायद्याचेही भान हवे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांना आहे. आपली नोंदणी तेथे चालत नाही. दुसऱ्या बाजूस, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि पशू या दोहोंसाठीच्या औषधांचा समावेश आहे. म्हणजे औषध बनविण्याचे क्षेत्र आपल्याला खुले आहे, रोगनिर्णयाचे नाही. ही सीमारेषा औषधालयांच्या चालकांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण घोड्याचा मालक बहुधा वैद्याकडे येतच नाही. तो थेट दुकानाच्या फळीशी येतो आणि "खाजेवर काहीतरी द्या" म्हणतो.

त्या 'काहीतरी'मागे काय काय दडलेले असू शकते, हे थोडक्यात सांगतो. वाटोळे, केस गळालेले चट्टे असतील तर तो दद्रूसारखा बुरशीजन्य विकार असू शकतो. तो तंग, खोगीर आणि खरारा यांच्याद्वारे सगळ्या पागेत पसरतो आणि माणसालाही होतो. पावसात भिजणाऱ्या पाठीवर जाड खपल्या आल्या असतील आणि खपली काढताच केसांचा झुबका कुंचल्यासारखा हाती येत असेल, तर तो जिवाणूजन्य विकार असण्याचा संभव आहे. तेथे कोरडेपणा हेच पहिले औषध, आणि आपले तेल ओल कोंडून ठेवून अपाय करील. केवळ पांढऱ्या केसांखालची गुलाबी त्वचाच भाजल्यासारखी झाली असेल, तर एखादी वनस्पती खाण्यात आल्याने किंवा यकृताच्या विकाराने उन्हाची बाधा होत असू शकते. तेथे त्वचेवर लेप लावून मूळ कसे सापडणार?

ब्रिटिश अमदानीत सैन्यातील घोड्यांना पावसाळ्यात न भरणारे व्रण होत. त्यांना 'बरसाती' म्हणत, आणि ते नाव इंग्रजी पशुवैद्यक ग्रंथांतही गेले. पुढे लक्षात आले की या एकाच नावाखाली किमान दोन भिन्न विकार नांदत होते. एक माश्यांनी वाहून आणलेल्या जंतांच्या अळ्यांचा, दुसरा साचलेल्या पाण्यातील बुरशीसदृश जीवाचा, ज्याला 'पायथियम इन्सिडिओसम' हे नाव १९८७ मध्ये मिळाले. नाव दिले म्हणजे निदान झाले असे नव्हे, हा धडा आपण 'कुष्ठ' किंवा 'ॲलर्जी' लिहून मोकळे होताना आठवावा.

सर्वांत गंभीर बाब ग्लँडर्सची. या रोगाच्या त्वचागत प्रकारात पायांवर, विशेषतः मागील पायांच्या आतील बाजूस, रसवाहिन्यांच्या रेषेत गाठी उठतात, त्या फुटून चिकट स्राव येतो आणि व्रण भरत नाहीत. कधी नाकातूनही स्राव येतो. हा रोग माणसाला होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा पुन्हा प्रादुर्भाव झाला होता. २००९ च्या पशुसंसर्गरोग प्रतिबंध अधिनियमाखाली हा कळविणे बंधनकारक असलेला रोग आहे. रोग सिद्ध झालेल्या घोड्याची चिकित्सा केली जात नाही, त्याला वेदनारहित मृत्यू दिला जातो आणि मालकाला शासकीय भरपाई मिळते. अशा घोड्याच्या गाठींवर आपण महिनाभर लेप देत राहिलो, तर त्या काळात पागेतील इतर घोडे, मालकाची मुले आणि स्वतः लेप लावणारा हात या सर्वांना आपण धोक्यात घालतो. येथे आपले अज्ञान ही केवळ आपली अप्रतिष्ठा राहत नाही.

शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या घोड्यांविषयी आणखी एक सावधगिरी. २००८ च्या ऑलिंपिकमधील अश्वारोहण स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तेव्हा काही घोड्यांच्या तपासणीत मिरचीतील कॅप्सेसिन आढळले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. त्वचेवर लावलेले द्रव्यही तपासणीत सापडते. म्हणून कापूर, मिरची, धोत्रा, कुचला असलेले कोणतेही योग पागेत देताना 'वनस्पतीच आहे, अपाय नाही' हे वाक्य आपण उच्चारू नये.

मग आपण हात झटकावेत काय? मुळीच नाही. माझ्या नम्र मते आपल्या संघटनेने तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, प्रत्येक औषधालयात एक छापील प्रश्नपत्रक ठेवावे. खाज कोणत्या महिन्यात सुरू होते व केव्हा थांबते? अंगाच्या कोणत्या भागावर आहे? इतर घोड्यांना किंवा घरच्यांना आहे काय? घोडा रात्री कोठे बांधतात, जवळ पाणी वा उकिरडा आहे काय? चारा, झूल, खोगीर यांत काय बदलले? जागा बदलल्यावर बरे वाटते काय? आजवर काय काय लावले? मुका प्राणी प्रश्नपरीक्षेला उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या वतीने मालकाला बोलते करणे हे आपले काम. हे भरलेले पत्रक घेऊन मालक पशुवैद्यकाकडे गेला, तर निम्मे निदान वाटेतच झालेले असेल.

दुसरी, गाठी, स्रावी व्रण किंवा पसरणारे वाटोळे चट्टे असलेल्या घोड्यासाठी तपासणीपूर्वी कोणतेही औषध न देण्याचा संकल्प करावा.

तिसरी, करंज आणि निंब यांच्या तेलांचा चिलटांना दूर ठेवण्यासाठी कितपत उपयोग होतो, कोणत्या प्रमाणात होतो, त्वचेला दाह होतो काय, याचा अभ्यास परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांच्या सहकार्याने हाती घ्यावा आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो याच त्रैमासिकात छापावा. १८८६ पासून चालत आलेल्या त्या संस्थेशी आपला संवाद असू नये, हे दोन्ही शास्त्रांना शोभत नाही.

ती घोडी अजून आहे. यंदाच्या पावसाळ्यातही ती चार वाजता आत जाते. मालक भेटले की आदराने नमस्कार करतात. मी दिलेल्या तेलांचे पैसे त्यांनी कधी परत मागितले नाहीत, त्यामुळे मला अधिकच संकोच वाटतो. तीन हंगामांत त्या घोडीने सोसलेली खाज माझ्या नोंदवहीत 'किंचित उपशय' अशा शब्दांत लिहिलेली आहे. ती नोंद मी खोडलेली नाही. नव्या वैद्यांना ती मुद्दाम दाखवितो.