शिसे ओळखणारा डीएनए

मागच्या महिन्यात भाचीच्या बाळाची छठी होती. न्हाऊ-माखू झाले, दुपट्यात गुंडाळून बाळ खालाच्या मांडीवर आले आणि खालाने सवयीने सुरमेदानी उघडली. मी तिचा हात धरला. घर पाहुण्यांनी भरलेले, सगळे गप्प झाले. "तेरेकू भी लगायी थी मैं. तेरी आँखें फूट गयीं क्या?" खाला म्हणाली. मी म्हटले, "खाला, यात शिसे असू शकते." तिने सलाई वर धरून उजेडात फिरवली आणि विचारले, "किधर दिखता है?"

प्रश्न बरोबर होता. सुरम्याचा दगड म्हणजे इस्मद, अर्थात अँटिमनी, असे आपण ऐकत आलो. पण बाजारातल्या सुरम्याच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांत अनेकदा निघाला तो शिशाचा सल्फाइड. दोन्ही काळे, दोन्ही चमकदार. डोळ्यांनी फरक कळत नाही. मग कशाने कळतो? प्रयोगशाळेतली मोठी यंत्रे आहेतच. पण एक उत्तर असे आहे की ते वाचून मी स्वतः चकित झाले होते: डीएनएने कळतो.

दहावीच्या वर्गात मी शिकवते की डीएनए ही पेशीतली किताब आहे. त्यात मजकूर असतो, कामे प्रथिने करतात. 1994 मध्ये अमेरिकेतल्या रोनाल्ड ब्रेकर आणि जेरल्ड जॉयस यांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांनी सुमारे शंभर लाख कोटी वेगवेगळे डीएनएचे धागे घेतले, त्यांचे एक टोक बांधून ठेवले आणि वरून शिशाचे आयन सोडले. प्रत्येक धाग्यात एकच कच्चा दुवा ठेवला होता, आरएनएचा. जे धागे तो दुवा स्वतः तोडून सुटले, तेवढेच गोळा केले, त्यांच्या प्रती काढल्या आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. अशा पाच फेऱ्यांनंतर हाती आला तो डीएनए कात्रीसारखा वागत होता. एरवीपेक्षा साधारण एक लाख पट वेगाने तो दुवा तुटत होता. शिसे काढून घेतले की काम बंद.

धातूच्या आयनाची गरज का पडते? डीएनएच्या कण्यावर ऋण प्रभार असतो. धाग्याचे भाग एकमेकांना दूर ढकलतात, घडी बसत नाही. धन प्रभाराचा आयन मध्ये आला की भांडण मिटते आणि धागा हव्या त्या आकारात दुमडतो. दुसरे काम याहून बारीक आहे. आयनाला पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. त्यातला एखादा रेणू आपला प्रोटॉन सोडून देतो आणि मग शेजारच्या आरएनएच्या ऑक्सिजनकडून प्रोटॉन ओढून घेतो. मोकळा झालेला तो ऑक्सिजन फॉस्फरसवर चाल करतो आणि दुवा तुटतो. मॅग्नेशियमला चिकटलेले पाणी प्रोटॉन सहजी सोडत नाही, शिशाला चिकटलेले लवकर सोडते.

मॅग्नेशियम आपल्या घरचेच. बोअरच्या जड पाण्याने साबणाला फेस येत नाही, त्यामागे कॅल्शियमसोबत तेही असते. कोरोनात नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर झाली, तिच्यातले एन्झाइमही मॅग्नेशियमशिवाय डीएनएची एकही प्रत काढत नाही. जॉयस यांच्याच प्रयोगशाळेने 1997 मध्ये मॅग्नेशियमवर चालणाऱ्या दोन डीएनए-कात्र्या दाखवल्या. त्यातली 8-17 नावाची कात्री शिसे मिळाले की कितीतरी वेगाने चालते.

इलिनॉय विद्यापीठातल्या जिंग ली आणि यी लू यांनी नेमकी हीच गोष्ट पकडली. 2000 साली त्यांनी धाग्याला एक चमकणारा रेणू जोडला आणि त्याच्याजवळ चमक दाबणारा दुसरा. शिसे आले, दुवा तुटला, तुकडा सुटला आणि चमक दिसली. लिटरमागे सुमारे 2 मायक्रोग्रॅम शिसेही त्यात कळत होते. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा 10 मायक्रोग्रॅमची आहे. पुढे 2003 मध्ये लू यांच्या गटाने सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून रंगाची चाचणी केली: शिसे नसेल तर निळा, असेल तर लाल. कपडे धुताना निळीचे पाणी पाहणाऱ्या बाईलाही कळेल असा निकाल.

छठीच्या रात्री खालाला हे सगळे सांगितले. वहीवर धागा काढून दाखवला, कात्री काढली. ती म्हणाली, "तो ला ना वो पानी, डालते सुरमे में."

इथे मला खरे बोलावे लागले. हा डीएनए पाण्यात विरघळलेल्या शिशाचे आयन ओळखतो. सुरम्यातले सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. नायट्रिक आम्लात ते विरघळवावे लागेल, मग ते आम्ल मारावे लागेल, तेव्हा कुठे चाचणी. ते हिवरा आश्रमच्या आमच्या स्वयंपाकघरात होणार नाही. "पानी में घुलता नहीं, तो आँख में कैसे घुलेगा?" खालाने लगेच पकडले. शिक्षिका मी, पण वकील ती!

डोळ्यात राहिला असता तर गोष्ट वेगळी. बाळ डोळे चोळते, तीच मूठ तोंडात घालते, आणि पोटात आम्ल आहेच. मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे लहान मुलाचे शरीर शोषते. शिसे कॅल्शियमची जागा घेत हाडांत जाऊन बसते, मेंदूच्या वाढीत आडवे येते, रक्तातले हिमोग्लोबिन बनू देत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे घालायला आपल्या कायद्यानेही मनाई आहे; पण उरुसातल्या किंवा बाजारातल्या बिनलेबलाच्या पुडीवर कायदा कुठे लिहिलेला असतो?

खाला बराच वेळ काही बोलली नाही. सुरमेदानी पितळेची, तिच्या अम्मीची, तिच्या निकाहात आलेली. ती फेकायला मी सांगितले नाही आणि सांगणारही नाही. सकाळी पाहिले तर खालाने ती राखेने घासून धुतली होती आणि रिकामी करून खिडकीत वाळत ठेवली होती. आत काय भरणार, विचारले तर म्हणाली, "अभी सोची नहीं."