संशय आणि निर्णय

क्रिकेटचा हंगाम सुरू झाला कीं आमच्या रत्नागिरींत मारुती मंदिराच्या नाक्यापासून घरच्या माजघरापर्यंत एकच सिद्धान्त ऐकूं येतो : "मॅच आधींच ठरलेली असते!" आपला संघ हरला, तर तो विकला गेला; शेवटच्या षटकांत जिंकला, तर तेंही रचलेलें नाटक. जें कारण दोन्ही पक्षांस सारखेंच लागू पडतें, त्यास न्यायशास्त्रांत सव्यभिचार हेतु म्हणतात. त्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. २ एप्रिल २०११ रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. श्रीलंकेच्या ६ बाद २७४ धावांना उत्तर देतांना भारतानें ४८.२ षटकांत ४ बाद २७७ धावा करून चषक जिंकला. पुढें नऊ वर्षांनीं, जून २०२० मध्यें, सामन्याच्या वेळीं श्रीलंकेचे क्रीडामंत्री असलेले महिंदानंद अलुथगमगे यांनीं तो सामना विकला गेल्याचा आरोप केला. चौकशी सुरू होतांच हा आपला केवळ संशय आहे, असें त्यांनींच सांगितलें. पोलिसांनीं अरविंद डिसिल्वा, उपुल थरंगा व कर्णधार कुमार संगकारा यांचे जबाब घेतले, आणि ३ जुलै २०२० रोजीं पुराव्याअभावीं चौकशी बंद केली. श्रीलंकेनें त्या सामन्यासाठीं संघांत चार बदल केले होते, यावर संशयाची भिस्त होती. परंतु त्याच संघाच्या जयवर्धनेनें नाबाद १०३ धावा काढल्या, आणि मलिंगानें सेहवागास शून्यावर व सचिनास १८ धावांवर परत धाडलें. हें विक्रीच्या कोणत्या हिशेबांत बसवावयाचें?

मग या खेळांत लबाडी झालीच नाहीं काय? अवश्य झाली. २००० सालीं दिल्ली पोलिसांनीं टेलिफोनवरील संभाषणांवरून दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हन्सी क्रोनिए यास उघडें पाडलें, व पैसे घेतल्याचें त्यानें पुढें कबूल केलें. २०१० सालीं लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनीं ठरवून तीन नो-बॉल टाकले. ते केव्हां पडणार हें एका वार्ताहरास आधींच सांगण्यांत आलें होतें. २०११ सालीं लंडनच्या न्यायालयानें तिघां खेळाडूंस तुरुंगांत धाडलें. या दोन्ही ठिकाणीं संभाषण होतें, पैसा होता, नांवें होतीं. "मला तसें वाटतें" एवढ्यावर कोणी दोषी ठरला नाहीं.

न्यायशास्त्र संशयास तुच्छ मानीत नाहीं. सोळा पदार्थांत त्यास स्थान आहे. परंतु त्याच मालिकेंत पुढें तर्क येतो आणि मग निर्णय. स्वतःचें कांहींच सिद्ध न करतां केवळ दुसऱ्याचें खोडीत बसणें यास तेथें वितंडा असें नांव आहे.

या वितंडेचें नुकसान मैदानापुरतें राहत नाहीं. "सारेच विकले गेलेले" असें म्हटलें कीं खरा चोर गर्दींत लपतो, आणि घाम गाळणाऱ्या प्रामाणिक खेळाडूचें श्रेय मात्र लुटलें जातें. हीच संवय पुढें परीक्षेच्या निकालास व नोकरीच्या निवडीसही लागते. "सर्व आधींच ठरलेलें" म्हणणारा मुलगा पुस्तक उघडीलच कशाला?

म्हणून घरांतील मुलानें असा सिद्धान्त मांडला, तर वाचकहो, त्यास दटावूं नका. शांतपणें चार प्रश्न विचारा : पैसा कोणीं दिला? कोणास दिला? त्यानें मैदानांत नेमकें काय केलें? आणि हें तुला कशावरून कळलें? उत्तरें मिळालीं तर आपणही ऐकावें. न मिळालीं तर पुढचें षटक दोघांनीं मिळून पाहावें.