हळद औषधी आहे, पण किती?

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा कडेगावकरांनाही आनंद झाला. आमच्या भागात पिवळ्या बोटांची माणसं काही कमी नाहीत. त्यामुळे आज जे लिहितोय ते हळदीच्या विरोधात आहे असं कृपया समजू नये.

हल्ली मोबाईलवर रोज कुणीतरी हळदीचा महिमा पाठवतं. मधुमेह, सांधेदुखी, कर्करोग, सगळ्यावर एकच उपाय! पुरावा म्हणून हमखास पेटंटची लढाई. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरने ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमानाचीच गोष्ट. पण ते रद्द का झालं? हळदीने जखम बरी होते हे तिथे सिद्ध झालं म्हणून नव्हे, तर हा उपयोग आपल्याकडे आधीपासून ठाऊक आणि लिहिलेला होता, त्यात नवीन काही नव्हतं म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता थोडं रसायनशास्त्र. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनचा. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. शाळेत हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की मुलं टाळ्या वाजवायची. हे कुरकुमिन हळदीत साधारण तीन टक्के धरा. म्हणजे अर्धा चमचा, दीड ग्रॅम हळदीत ४५ मिलिग्रॅम. त्यातलंही फारच थोडं रक्तात पोचतं. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं, की मिऱ्यातल्या पिपेरीनसोबत ते कितीतरी पटीने जास्त शोषलं जातं.

झालं, बाजारात कॅप्सूल आल्या! ५०० मिलिग्रॅम कुरकुमिन म्हणजे जवळजवळ १६-१७ ग्रॅम हळदीतला अर्क, वर पिपेरीन. आजीने दुधात घातलेली चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल एकच कशी? "आपण पिढ्यान्पिढ्या खातो, अपाय कसा होईल?" हा युक्तिवाद चिमटीला लागू पडतो, कॅप्सूलला नाही. इटली आणि अमेरिकेत अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय पिपेरीन दुसऱ्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी साखरेच्या गोळ्या परस्पर बंद करून सकाळ-संध्याकाळ हळदीचं पाणी सुरू केलं. चार महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि अंगठा गमवावा लागला. माणूस शिकलेला! त्यांना तो संदेश पाठवणारेही घरचेच, प्रेमापोटी पाठवणारे. म्हणून राहवत नाही.

माझं मत सरळ आहे. भाजीत, लोणच्यात, घसा बसल्यावर दुधात हळद जरूर घ्यावी. ती हळकुंडं घरी आणून दळलेली असतील तर उत्तम, कारण रंग खुलवण्यासाठी काही ठिकाणी तिच्यात शिशाचा विषारी रंग मिसळल्याचं आढळलं आहे. मात्र डॉक्टरांची गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नये, आणि हळदीची कॅप्सूल घेत असाल तर तेही त्यांना सांगावं. आयुर्वेदाचा उपचार हवा असेल तर रीतसर वैद्याकडे जावं. तो निदान नाडी तरी बघेल. मोबाईल बघत नाही.

पटलं तर हे घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. नाही पटलं तर मला सांगा, वाद घालायला वेळ भरपूर आहे.