ड्रिल हातात घेण्याआधी वायर बघा, भिंत बघा

सोसायटीतले सर्व सभासद, भाडेकरू आणि त्यांच्याकडे कामाला येणारे कारागीर यांना आवाहन.

गणपती तोंडावर आले आहेत. मखर, माळा, तोरणं यांच्यासाठी घरोघरी भोकं पाडायची कामं निघतील आणि सोसायटीचं ड्रिल मशीन या घरातून त्या घरात फिरेल. खुशाल फिरू द्या, त्यासाठीच ते घेतलं आहे. पण मशीन चालवताना सगळ्यांचं लक्ष गरगरणाऱ्या बिटवर असतं. खरा धोका मागच्या वायरीत आणि समोरच्या भिंतीत असतो. खटका दाबण्याआधी दोन मिनिटं तिकडे द्या.

वायर मशीनमध्ये जिथं शिरते तिथंच वाकून वाकून चिरते. आतलं तांबं दिसलं तर काळी टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, मशीन परत करा. प्लग तुटला की वायरीची उघडी टोकं काडीपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचायची, ही आपल्याकडची जुनी कला. ती या इमारतीत कृपया कोणी दाखवू नये. स्वतःचं जुनं, धातूच्या अंगाचं मशीन वापरणार असाल, तर तीन पिनांचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवंच.

‘एमसीबी पडेल की!’ या भरवशावर राहू नका. एमसीबी असते ती वायरिंग जळू नये म्हणून. माणसाचा जीव घ्यायला एक अँपिअरचा दहावा भागही पुरतो आणि तेवढ्यानं १६ अँपिअरची एमसीबी हलतसुद्धा नाही. माणसासाठी असते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, जिला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात. तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून पाहा. ती पडली नाही, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, भोकं नंतर पाडू.

आता भिंत. कन्सील्ड वायरिंग सहसा बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडवं जातं. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडा. नळ आणि गीझरच्या रेषेतही हाच नियम, कारण तिथं आत पाइप असतो. ‘सहसा’ म्हटलं, कारण नूतनीकरण झालेल्या घरात वायर कुठून कशी नेली असेल याचा नेम नाही. त्यामुळे त्या खोलीची आणि भिंतीपलीकडच्या खोलीची एमसीबी बंद करा आणि ड्रिलला वीज तिसरीकडून एक्स्टेन्शननं आणा. एक्स्टेन्शन रिळाची असेल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते.

बिट बदलताना प्लग काढायचाच. चकची चावी मुद्दाम प्लगजवळ वायरीला बांधली आहे. ‘अडचण होते’ म्हणून ती कोणी सोडू नये; अडचण व्हावी म्हणूनच ती तिथं आहे. लॉकचं बटण दाबलेलं असताना वीज गेली, तर आधी प्लग काढा. नाहीतर वीज येताच स्टुलावर ठेवलेलं मशीन आपलं आपणच सुरू होईल.

ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या, कापडी हातमोजे नकोत. चष्मा हवा, पायात रबरी तळाची चप्पल किंवा बूट हवेत. कॉलममध्ये सळई लागली तर जोर लावू नका. बिट अडकलं की मशीनचा हिसका थेट मनगटाला बसतो. भोकाची जागा बदला.

कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा.

मशीन ऑफिसमधून सही करून न्यावं, चष्म्यासकट. परत देताना काही बिघाड जाणवला असेल तर वहीत लिहावा. मशीन दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या हातात जाणार आहे.

– व्यवस्थापन समिती