बाळाने कशाला, रक्ताच्या नमुन्याने मुंबईला जावं

‘क्रोमोसोमची तपासणी नॉर्मल आहे’ असं सांगितलं की आई-वडिलांच्या जिवात जीव येतो. बाळाची फाइल बंद होते, आणि नेमक्या त्या क्षणापासून काही लेकरांची मोलाची वर्षं वाया जायला लागतात. जन्मतः लुळं पडलेलं, दूध न ओढणारं, ज्याचं रडणं शेजारच्या खाटेपर्यंतही पोहोचत नाही असं बाळ नवजात कक्षात आलं, तर त्यामागे प्रेडर-विली सिंड्रोम हे एक कारण असू शकतं. साध्या क्रोमोसोम तपासणीत ते बहुतेकदा दिसत नाही. त्यासाठी डीएनए मिथायलेशन चाचणी लागते, आणि तिला पुरतं एक छोटी नळी रक्त. ही नळी सिंधुदुर्गातून पाठवली जावी आणि बाळाला घेऊन घरच्यांना मुंबई गाठावी लागू नये, एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे.

मी मालवण तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे आणि त्याला हा आजार आहे. पोटात असताना तो फारसा हललाच नाही. जन्मल्यावर अंगाला घेतला की हात-पाय नुसते खाली लोंबायचे. छातीशी धरला तरी ओढायची ताकद नव्हती. दूध पिळून बोंडल्याने थेंब थेंब पाजायचे. एक पाजणं संपेतो पुढच्याची वेळ व्हायची. ‘अशक्त आहे, धरेल बाळसं’ असं सगळेच म्हणाले. क्रोमोसोमची तपासणी झाली, ती नॉर्मल आली. खरं नाव कळलं ते तो शाळेत जायला लागल्यावर, मुंबईत. तोवर भूक सुरू झाली होती.

हा आजार 1956 मध्ये झुरिकच्या प्रेडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवला. त्याचं मूळ पंधराव्या क्रोमोसोमच्या एका छोट्या भागात आहे. आपल्याला प्रत्येक क्रोमोसोम दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. बहुतेक जनुकं दोन्ही प्रतींवर चालू असतात. या भागातली काही जनुकं मात्र फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवर चालतात. आईच्या प्रतीवर ती शाबूत असूनही बंद ठेवलेली असतात. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांतच. ही बंदी घालतात डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा. कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच समजेल. जमीन तीच, क्षेत्र तेच, गट नंबर तोच. पण ‘इतर हक्क’ रकान्यात एक नोंद पडली की त्या जमिनीचा व्यवहार थांबतो. मिथायलेशन म्हणजे तशी नोंद. जनुकाचं अक्षरही बदलत नाही, पण जनुक काम करत नाही. अशा बदलांना एपिजेनेटिक म्हणतात.

आईची प्रत मुळातच बंद असल्यामुळे सगळी भिस्त वडिलांच्या प्रतीवर. प्रेडर-विलीच्या साधारण सत्तर टक्के मुलांत त्या प्रतीतला तेवढा तुकडा गळालेला असतो. बहुतेक उरलेल्यांत काही गळालेलं नसतं. पंधराव्या क्रोमोसोमच्या दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात. मोजायला गेलं तर दोन आहेत, दोन्ही धडधाकट आहेत, पण दोन्हींवर बंदीची नोंद आहे. अगदी थोड्या मुलांत वडिलांच्या प्रतीवरच चुकून आईची खूण पडलेली असते. क्रोमोसोम मोजणारी तपासणी इथे काय सांगणार? मिथायलेशन चाचणी जनुक आहे का एवढंच न विचारता ते चालू आहे की बंद, हे पाहते, म्हणून ती प्रेडर-विलीची 99 टक्क्यांहून अधिक मुलं पकडते. हाच तुकडा आईच्या प्रतीतून गळाला तर होतो अँजेलमन सिंड्रोम. हॅरी अँजेलमन या इंग्लंडच्या बालरोगतज्ज्ञाने तो 1965 मध्ये मांडला. त्या मुलांना बोलता येणं फार कठीण, बहुतेकांना फिट्स, आणि चेहऱ्यावर सतत हसू. जागा एकच, आजार दोन.

एवढं समजलं, तर आपल्या घराघरांत विचारला जाणारा एक प्रश्न बंद व्हायला हवा. ‘ह्यां कोणाकडसून इलां?’ माहेरकडून की सासरकडून? निदानाआधी बोट माझ्याकडे होतं. ग्रहणात काही चिरलं असशील, कुणाची नजर लागली असेल, अमक्या देवाचं गाऱ्हाणं राहिलं असेल. निदानानंतर ‘वडिलांची प्रत’ हे शब्द कानावर पडले आणि बोट माझ्या नवऱ्याकडे वळलं. दोन्ही तितकंच खोटं. या खुणा प्रत्येक पिढीत बीजांडं आणि शुक्राणू तयार होताना पुसून नव्याने लिहिल्या जातात. तुकडा गळतो किंवा प्रत जादा येते ती त्या वेळच्या किंवा गर्भधारणेनंतरच्या अगदी सुरुवातीच्या पेशींच्या चुकीने. त्यात कुणाचा आहार नाही, आचार नाही, कुळ नाही. या दोन प्रकारांत पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता सहसा एक टक्क्याहून कमी असते. एका अगदी विरळ प्रकारात मात्र ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून प्रकार कोणता, हेही कळलं पाहिजे. त्याशिवाय दुसऱ्या मुलाचा निर्णय आई-बाप अंधारात घेतात, नाहीतर भीतीने घेतच नाहीत.

‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द हल्ली गर्भसंस्काराच्या वर्गांतही ऐकू येतो, म्हणून मी हे जोर देऊन सांगते. आईने काय खाल्लं, काय ऐकलं, ती रागावली का, त्यावर बाळाची जनुकं चालू-बंद होतात असं तिथे सर्रास सांगितलं जातं. पोषणाचा आणि या खुणांचा संबंध हा गंभीर संशोधनाचा विषय आहे. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. बी-12 आणि फोलेट यांचा पुढच्या मधुमेहाच्या धोक्याशी काय संबंध, हे त्यातून पुढे आलं. त्या कामाचा मला आदर आहे. पण ते आधाराला घेऊन आजारी मुलाच्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हा अन्याय आहे. प्रेडर-विली आईच्या ताटातून येत नाही.

निदान लवकर का हवं, तर हा आजार दोन टप्प्यांत येतो. आधी खाता येत नाही, मग थांबता येत नाही. साधारण दोन वर्षांनंतर वजन चढू लागतं, आणि पुढे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून ‘पोट भरलं’ हा निरोपच मिळेनासा होतो. त्यातून स्नायू कमी, त्यामुळे या मुलांना इतरांपेक्षा बऱ्याच कमी अन्नात भागवावं लागतं. आमच्या फडताळाला कुलूप आहे, फ्रीजला कुलूप आहे. खळ्यात वाळत घातलेले बांगडे त्याने कच्चेच खाल्लेले मी पाहिले आहेत. चतुर्थीला कोणाच्या घरी किती मोदक, हे आधी ठरवून त्याला सांगावं लागतं. ठरल्या वेळी ठरलेलं मिळालं की तो शांत असतो. पण अंगणवाडीतल्या वृद्धी तक्त्यावर हीच मुलं खालच्या पट्ट्यातून हिरव्यात जाताना दिसतात आणि सगळ्यांना आनंद होतो. ‘खाता तर खाऊंदे गो, आंगान बरो भरलोहा!’ असं शेजारणी प्रेमानेच म्हणायच्या. आजाराचं नाव आधी कळलं असतं, तर ताटाची शिस्त भुकेच्या आधी घरात आली असती. त्याला उगाच रागवणं तरी झालं नसतं.

आणि उपचार अजिबात नाहीत असंही नाही. वाढीच्या हार्मोनला प्रेडर-विलीसाठी अमेरिकेत 2000 मध्येच मान्यता मिळाली. लहानपणीच सुरू केलं तर उंची, स्नायू आणि हालचाल सुधारते. न आवरणाऱ्या भुकेवरचं पहिलं औषध तिथे 2025 मध्ये मंजूर झालं. आपल्या केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात प्रेडर-विलीसाठीच्या हार्मोन उपचाराचा उल्लेख आहे, आणि 2022 पासून मदतीची मर्यादा 50 लाख रुपयांपर्यंत नेली आहे. ही मदत नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते; मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. पण त्या दारापर्यंत जायला हातात निदान लागतं. निदानच झालं नाही, तर धोरण कितीही चांगलं असो, ते आमच्या जिल्ह्यातल्या बाळाच्या कामाचं नाही.

‘इतक्या विरळ आजारासाठी जिल्ह्याने खर्च का करावा?’ हा प्रश्न रास्त आहे. दर दहा ते तीस हजार जन्मांत एक असं प्रेडर-विलीचं प्रमाण सांगतात. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,49,651 होती. कमीत कमी धरलं तरी हिशेबाने पंचवीस-तीस माणसं या जिल्ह्यातली असायला हवीत. ती कुठे आहेत? ‘मंद’, ‘खादाड’, ‘आळशी’ अशा नावांनी कुठल्यातरी वाडीत आहेत. शिवाय नमुना पाठवायची ही वाट एका आजारापुरती नाही. लुळ्या बाळामागे स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी असते, इतर जनुकीय आजार असतात, त्यांच्याही चाचण्या रक्तावरच होतात. वाट एकदा पडली की सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

ती पाडणं अवघड नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे; त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. डीएनएचं रक्त ईडीटीए नळीत घेतलं की नीट बांधून कुरियरने जातं. बाळाला मात्र नाकात नळी घालून तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर न्यावं लागतं, मजुरी बुडते, दादरला उतरल्यावर राहायची सोय नसते. कुणी गोव्यात बांबोळीला जातं, कुणी कोल्हापूरला, आणि बरेच जण कुठेच जात नाहीत.

माझी मागणी जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे आणि जिल्हा नियोजन समितीकडे आहे. नवजात कक्षात कारण न सापडलेलं लुळं, दूध न ओढणारं बाळ आलं की मिथायलेशन चाचणीसाठी रक्त तिथेच घ्यावं, पाठवण्याचा आणि चाचणीचा खर्च जिल्ह्याच्या निधीतून व्हावा, आणि अहवाल आल्यावर तो समजावून सांगणारा माणूस ओरोसलाच असावा, व्हिडिओ कॉलवर का होईना. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात एक वाक्य घालावं: आधी दूध न ओढणारं आणि मग झपाट्याने वजन वाढणारं मूल दिसलं, तर कौतुक करून थांबू नका, वर कळवा. आणि ज्या पालकांच्या हातात आज ‘नॉर्मल’ रिपोर्ट आहे पण मूल तसंच लुळं आहे, त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘मिथायलेशन चाचणी झाली का?’ हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहण्याचा हक्क प्रत्येक आई-बापाला आहे.