थोरलीचं पहिलं वर्ष



गेलं वर्षभर या जागी माझं लिहिणं झालं नाही. परंड्यात बाजाराच्या दिवशी भेटणाऱ्या बाया, लग्नकार्यात गाठ पडणारे पाहुणे विचारतात, "ताई, लिहिणं सोडलं का?" सोडलं नाही. आमच्या थोरलीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं. अभ्यास तिने केला, पण धावपळ सगळ्या घराची झाली. आता निकाल लागला. ती दुसऱ्या वर्षात गेली. म्हणून त्या वर्षाचा हिशोब तुमच्यापुढे मांडते.

हिशोब मांडण्यामागे कारण आहे. आपल्या मुली बारावी होतात, नर्सिंगला नंबर लागतो, घरात पेढे वाटले जातात आणि सहा महिन्यांत काही मुली पेटी घेऊन परत येतात. माझ्या माहितीत अशा दोघीजणी आहेत. दोघी हुशार. पुस्तकाला घाबरून कोणीच आली नव्हती. एकीची कागदपत्रं अडली, दुसरीला राहायला जागा मिळाली नाही. म्हणून सांगते, प्रवेश मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. पहिलं वर्ष पार पाडणं हे एकट्या मुलीचं काम नाही, ते घराचं काम आहे.

आधी शिक्षणाविषयी. ए.एन.एम. दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बी.एस्सी.ला विज्ञान शाखा लागते. जी.एन.एम.ला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते, इंग्रजी विषय मात्र हवा. आमची थोरली कला शाखेची, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली. तिने जी.एन.एम. घेतलं. शाळा सोलापूरला. एक गोष्ट प्रवेशाआधीच बघा. त्या संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः विचारा. शिक्षण संपल्यावर राज्याच्या परिषदेत नाव नोंदलं गेलं तरच मुलगी नर्स. नाहीतर तीन वर्षं आणि पैसा पाण्यात.

पहिली लढाई कागदाची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला हे तहसील आणि शाळा एवढ्यात भागलं. जातीच्या दाखल्याने आणि त्याच्या पडताळणीने मात्र घाम काढला. आपल्या मुलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असतं. ते योग्यच आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण पडताळणीला पूर्वीची जात आणि १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून इथलं राहणं दाखवावं लागतं. पणजोबा शाळेत गेलेच नव्हते. उतारा आणायचा कुठला? शेवटी ह्यांच्या चुलत आजोबांचा शाळेचा जुना उतारा सापडला, तोही उर्दूत! १९४८ पर्यंत आपला परंडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडची जुनी दप्तरं अशीच आहेत. भाषांतर करून घ्या, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा, धाराशिवला खेटे घाला. ह्यांचं गवंडीकाम. ज्या दिवशी धाराशिव, त्या दिवशी हजेरी बुडाली.

यावरून एवढंच सांगणं, की मुलगी अकरावीत गेली की पडताळणीच्या मागे लागा. निकालाची वाट बघू नका. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाचं वैधता प्रमाणपत्र झालेलं असेल तर त्याची प्रत मागून घ्या, काम बरंच सोपं होतं. आणि ज्यांच्याकडे असं प्रमाणपत्र आहे त्यांनी ते भावकीतल्या मुलीला देताना जुनी भांडणं काढू नयेत. आमच्याकडे एका घरी बांधाच्या वादावरून प्रत मिळाली नाही. कागदाची प्रत दिल्याने आपलं काही कमी होत नाही, एका मुलीचं वर्ष मात्र वाचतं.

दुसरी लढाई छपराची. या एका वर्षात थोरलीची पेटी तीन ठिकाणी फिरली. सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरला, यादीत नाव आलं नाही. मग ह्यांच्या चुलत बहिणीकडे ठेवली. ती बिचारी मनाने मोठी, पण एका खोलीत आधीच पाच माणसं. मुलगी रात्री दिवा लावून वाचणार, तर पहाटे कामावर जाणाऱ्यांनी झोपायचं कधी? दोन महिन्यांनी खोली शोधायला निघालो. सोलापुरात आम्ही दोघं दोन दिवस फिरलो. पाटी लावलेली असायची, 'खोली भाड्याने देणे आहे.' आत गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा. दुसरा प्रश्न गावाचा. तिसऱ्या प्रश्नाला खोली भरलेली असायची. वाचकहो, हे तुम्हाला नवीन नाही. मुलगी मात्र पहिल्यांदाच बघत होती. ती काही बोलली नाही. वहीत पुढच्या घराचा पत्ता लिहून घेतला.

शेवटी एका म्हातारीने खोली दिली. अट एकच, एकट्या पोरीला देणार नाही, घरचं कोणी तरी सोबत पाहिजे. मी अंगणवाडीत, माझं पाऊल निघत नाही. ह्यांना काम सोडता येत नाही. धाकटा दहावीत. तेव्हा सासूबाई उठल्या. वय ७६. म्हणाल्या, "म्या जाती. हितं बसून तरी काय करायलेय?" जन्मभर परंडा सोडून राहिलेल्या नाहीत. किल्ल्याच्या बाजूची हवा, दारातला लिंब आणि संध्याकाळी विहारात जाणं एवढंच त्यांचं जग. ती बाई पातळांचं गाठोडं घेऊन सोलापूरला गेली आणि सहा महिने नातीच्या पाठीशी राहिली. सकाळी सहाच्या ड्युटीला मुलगी उपाशी गेली नाही, ती त्यांच्यामुळे.

पुढे स्वाधार योजना मंजूर झाली. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात जेवण आणि राहण्याचे पैसे जमा होतात. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकेच्या गावी ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार अशी ती रक्कम ठरली. उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे. मुलगी शिकते त्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. पैसे एकदम मिळत नाहीत, म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांची तजवीज घरात ठेवावी लागते. आम्ही ती बचत गटातून केली. योजना मिळाल्यावर थोरलीने भूमची एक आणि करमाळ्याची एक अशा दोन मैत्रिणींबरोबर दवाखान्याजवळ खोली घेतली. हे तिचं तिसरं बिऱ्हाड. तिघी तीन समाजांच्या, चूल एक. आजी परत घरी आल्या.

तिसरी गोष्ट वाटेची. परंड्याला रेल्वे नाही. आधी बार्शी, मग तिथून सोलापूरची एस.टी. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीच, २०२२ पासून, प्रवास फुकट. या दोन सवलती नसत्या तर आमचं येणं-जाणं निम्म्याने घटलं असतं. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी जात होतं. भाकरी, शेंगाची चटणी, ज्वारीचं पीठ, धुतलेल्या चादरी. बार्शीच्या स्टँडवरचा चहावाला आता आम्हाला ओळखतो.

अभ्यासाचं सांगायचं तर पहिले दोन महिने जड गेले. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार, प्रथमोपचार, मानसशास्त्र, सगळं इंग्रजीतून. थोरलीने एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी आणि शेजारी चित्र. रोज वीस शब्द. वर्षाअखेर तशा तीन वह्या भरल्या. आता त्या खाली आलेल्या मुलींकडे फिरताहेत. हजेरीचा नियमही कडक आहे. वर्गात शंभरातले ऐंशी तास पाहिजेत, आणि वॉर्डातलं काम पदविका हाती येण्याआधी पूर्ण शंभर टक्के भरून द्यावं लागतं. म्हणून पाहुण्यांनी रागावू नये. सख्ख्या मामेबहिणीच्या हळदीला ती आली नाही, ती शिष्ट झाली म्हणून नव्हे, तर रजा भरून द्यावी लागते म्हणून.

आता सर्वांत अवघड लढाई, ती बोलण्याची. आमच्या भावकीत एक आप्पा आहेत. चळवळीत आयुष्य घातलेला माणूस. त्यांनी भर बैठकीत ह्यांना विचारलं, "बाबासाहेबांनी ज्या घाणीतून आपल्याला भाईर काढलं, त्याच घाणीत पोरगी घालायलाव का? गू-मूत काढायलाच शिकवायचं होतं तर शाळा कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्टं-शिळं सोडा म्हणून सांगितलं आणि आपल्या वाडवडिलांनी उपाशी राहून ते पाळलं. ती आठवण आप्पांच्या अंगात आहे. त्यांना उत्तर दिलं ते सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं ढोरं वढली. नाई म्हणायची सोय नव्हती. पगार नव्हता, वरनं शिळी भाकर टाकायचे. हात धुवायला कुणी पाणी दिलं नाई. हिला हातमोजे देतेत, साबण देतेत, परीक्षा घेतेत. आन् हिच्या वॉर्डात पाटलाची पोरबी तेच काम करती." आप्पा गप्प झाले.

मला यात एकच भर घालायची आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी घातलं, आनंदाने त्याला धुतलं आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवलं. पुढे चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगताना तथागतांनी सांगितलं, की तो औषध जाणतो, रोग्याला काय चालतं काय चालत नाही हे जाणतो, मैत्रीभावनेने सेवा करतो आणि मलमूत्र, ओकारी काढताना किळस करत नाही. जन्मामुळे गळ्यात मारलेलं काम आणि ज्ञानाने, स्वेच्छेने केलेलं काम यांतला फरक आपल्या धम्मात असा सांगितलेला आहे. तेव्हा नर्स झालेल्या मुलीला खाली मान घालायला लावू नका.

जानेवारीत चार दिवस मिळाले तेव्हा आम्ही कुर्डुवाडीहून गाडीने पुण्याला माझ्या भावाकडे गेलो आणि गंज पेठेतला फुलेवाडा बघून आलो. सावित्रीबाईंनी १८४८ पासून मुलींना शिकवलं हे आपल्या घरोघरी माहीत आहे. पण १८९७ च्या प्लेगात त्यांनी काय केलं, हे थोरलीने धाकट्याला सांगितलं. डॉ. यशवंत यांनी ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपल्या वस्तीतल्या लेकरासाठी. थोरली तिथे बराच वेळ उभी होती.

या वर्षाचा एक नफा अजून सांगायचा राहिला. सोलापूरच्या खोलीत थोरली नाडी मोजायला, रक्तदाब बघायला शिकत होती, तेव्हा सराव आजीच्या हातावर. रक्तदाब दर वेळी १६० च्या पुढे. तिला वाटलं आपलंच चुकतंय. मैत्रिणीकडून बघवला, तोच आकडा. १४० आणि ९० च्या वर वारंवार आला तर डॉक्टरला दाखवायचं, हे ती शिकलेली. आजीला ओ.पी.डी.त नेलं, गोळी सुरू झाली. सासूबाईंना डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. हा आजार असा गुपचूप असतो. खारवलेली मिरची आणि पापड आता त्यांच्या ताटात कमी झाले आहेत. त्यावरून रोज कुरकुर चालते, पण गोळी चुकत नाही. सोबत करायला गेलेल्या आजीचाच जीव नातीने जपला.

भगिनींनो, लग्न ठरलं की आपण सहा महिने आधीपासून भांडी जमवतो, नातेवाईक वाटून कामं घेतात, कोणी मांडव बघतो, कोणी तांदूळ बघतो. मुलगी शिकायला निघाली की तसंच करा. एकाने कागदपत्रं, एकाने खोली, एकाने पहिल्या सहा महिन्यांचे पैसे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी लोकांच्या बोलण्याला उत्तर द्यावं. मग अभ्यास तिचा ती करते.

पुढच्या महिन्यापासून नेहमीप्रमाणे भेटूच. ज्यांच्या घरी यंदा बारावीची मुलगी आहे, त्यांनी पडताळणीच्या कागदांची पिशवी आजच बाहेर काढावी.

जयभीम!